परतीची नळी

अर्ध्या गावाची पिंपं ज्यांच्या मनगटाच्या जोरावर भरली, ते चावीकाका. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कमरेएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हवर ती चावी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन फिरवायची. कुठल्या गल्लीला किती फेरे हे त्यांना पाठ होतं. साहेब बदलले, पाइप बदलले, पण काकांचं पाणी सोडणं कधी चुकलं नाही. रस्त्याने जाताना कुठे नळ ठिबकताना दिसला की ते थांबायचे, तो घट्ट बंद करायचे आणि घरमालकाला चार शब्द सुनावून मगच पुढे जायचे. पाणी वाया जाताना बघणं म्हणजे त्यांना कुणी डोळ्यांदेखत आपला खिसा कापावा तसं वाटायचं.

अशा माणसाच्या वाट्याला म्हातारपणी काय यावं? मुलाने नवं घर बांधलं ते गावाबाहेरच्या वस्तीत, जिथे नळाची लाइनच पोचली नव्हती. घराच्या मागे बोअर, एवढाच काय तो आधार.

"जन्मभर लोकांना पाणी दिलंत," मुलगा चेष्टेने म्हणायचा, "आणि आता स्वतःला बोअरचं!"

"देव हिशेब बरोबर ठेवतो," काका हसून म्हणायचे. "मी रोज तुझ्या आईला वाट बघायला लावायचो, त्याचं हे फळ."

ती बिचारी हे ऐकायला राहिली नव्हती. घरात आता तीनच माणसं होती. काका, छापखान्यात काम करणारा मुलगा, आणि शाळेत गणित शिकवणारी सून. चौथं माणूस वाटेवर होतं.

ते चौथं माणूस येणार म्हणून सुनेने बोअरचं पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ती बराच वेळ बघत बसली.

"बाबा, यात नायट्रेट दीडशे आहे. पंचेचाळीसच्या वर असू नये म्हणतात."

"म्हणजे पाणी घाण आहे?" काकांनी पेला उजेडात धरला. पाणी कसं आरशासारखं.

"घाण नाही. दिसत नाही, वास येत नाही, चवही लागत नाही. शेतातलं खत, शोषखड्ड्यांतलं पाणी, सगळं जमिनीत मुरतं आणि बोअरमध्ये उतरतं. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाला हे पाणी चालायचं नाही."

"मग गाळून घेऊ."

"गाळून जात नाही, बाबा. ते विरघळलेलं असतं."

हा शेवटचा शब्द काकांनी ऐकला खरा, पण तो कानाच्या पाळीवरच बसून राहिला, आत उतरला नाही. पाण्याबद्दल आपल्याला नव्याने काही कळायचं राहिलंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आठवड्याभरात फिल्टर आला. बसवायला आली ती पंचविशीतली एक मुलगी, पाठीवर अवजारांची बॅग आणि कानामागे पेन्सिल. वस्तीत सगळे तिला फिल्टरवाली म्हणत. माळ्यावर दोनशे लिटरची एक वेगळी टाकी बसवली. तिच्यात बोअरचं पाणी यायचं, आणि त्या टाकीतलं पाणी फक्त फिल्टरला जायचं. बाकी घराची टाकी निराळी. काका स्टुलावर बसून एकेक जोड तपासत होते. मुलीचा हात साफ होता. त्यांना ती आवडली.

"झालं, आजोबा. आता एक लक्षात ठेवा. एक भांडं शुद्ध पाणी मिळायला तीन भांडी बाहेर पडतात. ती या दुसऱ्या नळीतून."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"मोरीत."

"मोरीत?" काका उभेच राहिले. "तीन भांडी मोरीत आणि एक पोटात? अगं पोरी, हे यंत्र आहे की आमचं खातं?"

ती खळखळून हसली. "फरशी पुसा, भांडी विसळा. फक्त ते प्यायचं नाही."

मग सुरू झाला बादल्यांचा संसार. काकांनी मोरीतली नळी काढून बादलीत सोडली. त्या पाण्याने फरशी दिवसातून तीनदा पुसली जाऊ लागली. फरशी इतकी चकचकीत झाली की मुलगा दोनदा घसरला. तरी बादल्या भरायच्या थांबेनात. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि सुनेला तर सातवा महिना लागलेला. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, या घरात एक तर या बादल्या राहतील, नाहीतर मी."

"तूच राहा, बाई," काका म्हणाले. "तुझ्याशिवाय भागायचं नाही."

पण रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात ते तीन भांड्यांचं पाणी वाहत राहिलं. आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांना जलशुद्धीकरण केंद्र आठवलं. तिथे वाळूचे मोठे हौद असत. वाळू तुंबली की उलट्या बाजूने पाणी सोडून ती धुवायची, आणि ते धुवणाचं गढूळ पाणी टाकून न देता पुन्हा पहिल्या हौदात सोडायचं. गाळ खाली बसे, पाणी पुन्हा कामाला येई. मोठमोठ्या इंजिनियरांनी बांधलेली ही व्यवस्था काकांनी चौतीस वर्षं डोळ्यांनी बघितली होती. मग तीच घरात का नको?

सून शाळेत, मुलगा छापखान्यात. काकांनी फिल्टरची दुसरी नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली, बाहेरच्या भिंतीला क्लिपा मारून सरळ वर नेली, आणि माळ्याच्या झरोक्यातून पुन्हा आत घेऊन त्या दोनशे लिटरच्या टाकीत सोडली. फिल्टरच्या पंपाचाच जोर असा की पाणी आपोआप वर चढलं. टाकीत पडणाऱ्या त्या बारीक धारेचा आवाज ऐकून काकांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी हात जोडले.

कुणाला विचारलं नाही. पाण्याबद्दल त्यांनी कुणाला विचारावं?

संध्याकाळी सून म्हणाली, "अरे वा, बादली गेली!"

"बाहेर काढलं पाणी," काका म्हणाले.

हे खोटं नव्हतं. नळी बाहेर गेलीच होती. ती पुन्हा आत आली, एवढंच त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कशाला नसते उपद्व्याप. तिला नंतर सावकाश सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि ते राहूनच गेलं.

शेजारच्या घड्याळजीला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी हाताला धरून आणलं आणि सगळं दाखवलं. घड्याळजी म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला त्यांचा मित्र. डोळ्याला भिंग लावून लावून त्याची एक भुवई कायमची वर गेलेली.

"चाव्या, तुझ्या डोक्यात मेंदू आहे हे मला आज कळलं," तो म्हणाला.

"तुझ्याकडेही तेच मशीन आहे ना? उद्या येतो."

आणि काकांनी त्याच्याकडेही तशीच नळी लावून दिली.

*

नात झाली. तिचं नाव ठेवायच्या आधीच काका तिला ठमी म्हणू लागले आणि सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बाळंतपणानंतर सुनेला असा ताप भरला की ती तीन आठवडे उठली नाही. औषधं कडक, अंगावरचं दूध बंद करावं लागलं. ठमीला पावडरचं दूध सुरू झालं आणि बाटली आली काकांकडे.

त्या बाटलीची काय सेवा त्यांनी केली! पहाटे उठायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे. फिल्टरचं पाणी पातेल्यात घ्यायचं आणि चांगलं वीस-पंचवीस मिनिटं खळखळ उकळायचं. डॉक्टरीणबाईंनी एक उकळी म्हटलं होतं, पण नातीच्या बाबतीत कंजुषी कसली? पातेल्यातलं पाणी पाऊण व्हायचं. मग ते कोमट करायचं, पावडर मापाने घालायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. ठमी चुटुचुटु प्यायली की काकांना वाटे, देवाच्या दारात उभं राहून मिळवायचं असतं ते हेच.

ठमी अडीच महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी मुलगा रात्रपाळी करून आला, हात धुतले आणि तिला उचललं. सून बघत होती.

"अहो, तुमच्या हाताची शाई लागली तिला. ओठ बघा."

ठमीच्या ओठांवर निळसर छटा होती. मुलाने आपली बोटं बघितली. नखांत शाई होतीच. काकांनी ओलं फडकं आणून ओठ हळूच पुसले. मग पुन्हा पुसले.

शाई जाईना.

सुनेने बाळाची मूठ उघडली. नखंही तशीच. तिने वर बघितलं, आणि तिघं तसेच दवाखान्याकडे धावले.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला तरी रंग पालटेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. नळीतलं ते रक्त लाल नव्हतं, जुन्या गंजासारखं तपकिरी होतं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि लगेच विचारलं, "बाटलीला पाणी कुठलं वापरता?"

"फिल्टरचं," काका पुढे होऊन म्हणाले. "आणि वर पंचवीस मिनिटं उकळतो. मी स्वतः."

"पाणी बोअरचं आहे?"

"हो," सून म्हणाली. "नायट्रेट आहे त्यात, म्हणून तर फिल्टर घेतला."

"मग तो फिल्टर नीट चाललेला नाही. नायट्रेटमुळे रक्त असलेला प्राणवायूही अंगाला पोचवत नाही. आणि आजोबा, उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी आटतं आणि ते आहे तेवढंच मागे राहतं. जितकं उकळाल तितकं दाट होतं." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाईचा होता. "मी औषध देते आहे. वेळेत आलात. तरी पुढचे काही तास कळीचे आहेत. आईने इथे थांबावं. तुम्ही दोघं घरी जा आणि ते पाणी कुठे बिघडतंय ते आत्ताच्या आत्ता शोधा."

*

फिल्टरवाली धावतच आली. तिने बॅग उघडायच्या आत मुलगा तिच्यावर तुटून पडला.

"काय बसवलंस तू? माझी पोर तिकडे निळी पडलीय!"

"साहेब, मला तपासू तर द्या..."

"काय तपासणार? आतली जाळीच खोटी बसवली असणार!" त्याने कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

मुलीने काम सोडलं नाही. फिल्टरचं पाणी पेल्यात घेतलं, कागदी पट्टी बुडवली. पट्टी गडद गुलाबी झाली. डबीवरच्या रंगांशी लावून बघत ती पुटपुटली, "शंभराच्या वर." मग पेनासारखं मीटर काढून मागच्या दारी गेली आणि बोअरचं पाणी मोजलं. आली, स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि टाकीत मीटर बुडवलं. बराच वेळ ती उतरलीच नाही.

"काय झालं?" काकांनी खालून विचारलं.

"आजोबा, बोअरच्या पाण्यात क्षार अकराशे आहेत. टाकीत चार हजारांच्या वर. बोअरपासून टाकीत येता येता क्षार चौपट कसे होतील? जाळी तिचं काम करतेय. पण समोरून एवढं आलं तर ती तरी किती अडवणार?" ती खाली वाकून म्हणाली, "टाकीत कोणी काही टाकलं का?"

त्या क्षणी, इतके महिने कानाच्या पाळीवर बसून राहिलेला तो शब्द काकांच्या आत उतरला. विरघळलेलं. वाळूच्या हौदातला गाळ जड असतो, तो तळाशी बसतो. हे बसत नाही. फिल्टर रोज नायट्रेट गाळून बाहेर टाकत होता, आणि काकांची नळी रोज ते उचलून परत टाकीत नेऊन ओतत होती. फिल्टरने पुन्हा टाकलं, नळीने पुन्हा आणलं. साडेचार महिने.

फोनमधून आवाज आला, "साहेब, तुम्ही शांत व्हा. ती मुलगी नवीन आहे, चूक झाली असेल. आम्ही तिला आजच कामावरून कमी करतो. उद्या अनुभवी माणूस पाठवतो."

फिल्टरवाली स्टुलावरून उतरली. मीटर पुसून तिने डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावू लागली. ते तिला नीट लागेना.

आता काकांच्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगायलाच हवं, कारण ते आलं. त्यांना वाटलं, नळी घराच्या मागच्या भिंतीला आहे. तिकडे कुणी बघितलेलं नाही. संध्याकाळी दोन क्लिपा काढल्या, झरोक्यातून हात घातला, की झालं. टाकी रिकामी करू, धुऊ. पाणी आपोआप सुधारेल. सून पुन्हा माझ्या हातात बाळ देईल. नाहीतर ती कधीच देणार नाही. हा विचार आला आणि स्वतःच्या घरात असल्यासारखा पाय पसरून बसला. चौतीस वर्षं ज्याने एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या माणसाच्या मनात हे आलं. देवाने माणूस असाच घडवला आहे, त्याला तो तरी काय करणार. पण त्याच देवाने जीभही दिली आहे.

"फोन ठेव," काका म्हणाले.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका."

"फोन ठेव म्हणतो ना. ठेवण्याआधी त्यांना सांग, पोरीला काढू नका. पोरीचा दोष नाही. मी केलंय हे."

त्यांनी दोघांना मागच्या दारी नेलं आणि भिंतीवरची नळी दाखवली. कुणी सांगितल्याशिवाय ती दिसली नसती, इतक्या सफाईने बसवली होती. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने झरोक्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"बाबा, तुम्ही..." तो म्हणाला. तो पायरीवर बसला आणि शाईने भरलेल्या हातांत त्याने तोंड झाकलं.

फिल्टरवालीने नळीवरून बोट फिरवलं. "जोड छान केलेत, आजोबा," ती हळूच म्हणाली. तिला बहुतेक धीर द्यायचा होता, पण काकांना ते चाबकासारखं लागलं.

"आमच्या केंद्रात करतात असं," काका म्हणाले. "गाळ बसतो खाली."

"गाळ बसतो. हे नाही बसत." तिने बॅगेतून कात्री काढली, नळी कापली आणि तोंड मोरीकडे वळवलं. टाकी उघडली. पाणी धो धो वाहून गेलं. मग एकदम तिने विचारलं, "अशी नळी आणखी कुणाकडे लावून दिलीत का?"

काकांनी डोळे मिटले. घड्याळजीच्या मुलीला सातवा महिना होता, आणि ती विश्रांतीला त्याच्याकडेच आलेली होती.

*

"काय रे चाव्या, तोंड असं का?" घड्याळजीने दार उघडलं.

"ती नळी काढायचीय."

"कुठली? आपली? वेडा झालास काय! साडेचार महिने माझं पाणी वाचतंय. परवा माझ्या मेव्हण्याला दाखवली, तो तुझी आठवण काढत होता."

"घड्याळजी, बाजूला हो."

"नाही होत. तूच आलास, तूच लावलीस, माझ्या भिंतीला भोकं पाडलीस. आता तुलाच काढायची लहर आली? कारण सांग आधी."

चूल आणि ओटा दारातून दिसत होता. त्याची मुलगी तिथे उभी राहून फिल्टरखाली तांब्या धरत होती. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज चढवला, इतका की पलीकडच्या घरातली माणसं खिडकीशी आली.

"पोरी, ते पाणी पिऊ नकोस! या नळीमुळे माझी नात दवाखान्यात पडलीय. तिचं रक्त तपकिरी झालंय. मी केलं ते. तुझ्याही घरात मीच केलंय."

घड्याळजीची ती कायमची वर गेलेली भुवई खाली आली. वर्षानुवर्षांत प्रथमच. आत जाऊन स्टूल घेऊन आला, आणि काका वर चढल्यावर दोन्ही हातांनी ते घट्ट धरून उभा राहिला. खिडकीतल्या बाईने विचारलं, "काका, आमच्याकडे तर नाही ना लावलीत?" "नाही ताई," काका वरूनच म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतंत." कुणाला हसू आलं नाही.

नळी निघाली. घड्याळजी म्हणाला, "नात कशी आहे?"

"माहीत नाही."

"मग इथे काय करतोयस? जा की!"

दवाखान्यात सून बाहेरच्या बाकावर बसली होती. आत नर्स बाळाला बघत होती. काका सुनेसमोर उभे राहिले. बसले नाहीत. मुलाने सांगतो म्हटलं होतं, पण त्यांनी त्याला थांबवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, वाळूच्या हौदासकट.

ती गणित शिकवणारी. रडली नाही, आधी हिशेब केला.

"नळी लावून साडेचार महिने."

"हो."

"ठमी अडीच महिन्यांची. म्हणजे पहिल्या बाटलीपासून."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बाहेर काढलं."

"हो, बाई."

ती भिंतीकडे बघत राहिली. "बाबा, तुम्हाला पाण्याची माया आहे, ते मला कळतं. चूक कुणाचीही होते, तेही कळतं. पण ते 'बाहेर काढलं'... मला आत्ता तुमच्याशी बोलता यायचं नाही. तुम्ही जा."

काका गेले, पण दवाखान्याच्या पायरीपर्यंतच. तिथे ते बसून राहिले. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. जन्मभर त्यांनी देवाकडे खूप काही मागितलं होतं, बढती, मुलाचं लग्न, गुडघ्याच्या दुखण्यातून सुटका. त्या दिवशी माफी मागायचंही त्यांना सुचलं नाही. एवढंच म्हणत राहिले, तिचा रंग तिला परत दे. माझं काय करायचं ते नंतर बघ.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मुलगा बाहेर आला. त्याचे डोळे सुजले होते आणि तो हसत होता. "बाबा, रडतेय! लाल होऊन रडतेय!"

काकांनी हात पुढे केला. मुलाने हाताला धरून उठवलं.

*

ठमी घरी आली. आता तिच्या दुधाला सीलबंद बाटलीतलं पाणी येई, आणि ते दूध सून स्वतः बनवी. फिल्टरवाली दर आठवड्याला येऊन पट्टी बुडवून जाई. सून काकांशी बोलायची, जेवायला वाढायची, औषधाची आठवण करून द्यायची. पण बाळ त्यांच्या हातात देत नसे. ते मागतही नसत. पाळण्यापासून चार हात दूर खुर्ची टाकून बसत आणि ओठ तेवढे बघत.

आणि त्यांना एक नवीच सवय लागली. विचारायची.

"सूनबाई, खिडकी लावू का?"

"लावा."

"पूर्ण लावू की थोडी?"

"पूर्ण, बाबा."

"फडकं वाळत टाकलंय, ते उलटवलं तर चालेल?"

"चालेल."

"पंखा दोनवर आहे. दोनवरच राहू दे?"

तीन आठवडे असे गेले. मुलगा तर हसून हसून बेजार. घड्याळजी आला तेव्हा काकांनी त्याला बसायला सांगण्यापूर्वीही आत विचारून घेतलं. "चाव्या," घड्याळजी म्हणाला, "आता श्वास घ्यायलाही अर्ज करणार का?"

एका दुपारी सून वह्या तपासत बसली होती. ठमी जागी झाली आणि कुरकुर करू लागली. काका खुर्चीच्या कडेला सरकले.

"सूनबाई, ती उठलीय, बरं का."

"हो, ऐकतेय."

"पाळणा हलवू?"

"हलवा."

"हळू हलवू?"

तिने लाल पेन खाली ठेवलं. काकांकडे बघितलं, चांगलं नीट, दवाखान्यातल्या बाकानंतर पहिल्यांदाच. म्हातारा दोन्ही हात मांडीवर ठेवून, उत्तराची वाट बघत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बसला होता. तिच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की रडू, तिलाही सांगता आलं नसतं.

ती उठली, पाळण्यातून ठमीला घेतलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घ्या."

"मी? म्हणजे मी घेऊ का, सूनबाई? कशी धरू, उभी की..."

"बाबा," ती म्हणाली, "आता विचारू नका."